भुलाबाईच्या पायाला मलम

आमच्याकडे डास नसतात, मच्छर असतात. डास हा शब्द मला पुस्तकातला वाटतो, दारात उभा राहून बेल वाजवणारा. मच्छर विचारत नाही. भिलाईत सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमागे नाली आहे, पुढे अंगण आहे, अंगणात पेरू, जास्वंद आणि सासूबाईंच्या कुंड्या आहेत. पाऊस ओसरायला लागला की या सगळ्यात मच्छरांचा संसार सुखाने सुरू होतो. त्यातही माझं रक्त त्यांना विशेष गोड लागतं. नवरा शेजारी उघड्या पायांनी बसलेला असतो, त्याला एकही चावत नाही. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं पोलाद प्लांटच्या कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांपाशी, काढल्यावर अंगाला डांबराचाच वास लागतो, मच्छर जवळ येईलच कशाला. यावर मी काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी मूळची रायपूरची. आमची मराठी तिथे चार पिढ्या मुरलेली, म्हणजे अर्धी हिंदी. सासर मात्र तुमसराकडचं, शेतकऱ्याचं. सासरे प्लांटमध्ये कामाला लागले आणि इथलेच झाले. सासूबाईंचं माहेर वर्ध्याकडचं, आणि तिथून त्यांनी सोबत काय आणलं असेल तर भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर त्या अंगणात पाटावर भुलाबाई आणि भुलोजीची, म्हणजे पार्वती-शंकराची, मातीची मूर्ती मांडतात. संध्याकाळी गल्लीतल्या मुली गोळा होतात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. मग बंद डबा मध्ये येतो आणि आत कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. डबा हलवायचा, कानाला लावायचा, झाकणाच्या फटीशी नाक न्यायचं. ओळखल्याशिवाय खाऊ मिळत नाही.

या मुलींमध्ये मराठी म्हणावी अशी एक माझी मुलगी, तीही घरापुरती. शेजारची तेलुगू, मागच्या क्वार्टरमधल्या दोघी बहिणी छत्तीसगढी, कोपऱ्यावरची मल्याळी. गाण्यांतला अर्थ कोणालाच कळत नाही, पण सासूबाईंनी सगळ्यांकडून ती घोकून घेतली आहेत. त्या गाण्यांत सासू हमखास दुष्ट असते, सुनेला माहेरी जाऊ देत नाही, काम सांगते. आणि आमच्या सासूबाई ती गाणी सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणतात. हे मला लग्न झाल्यापासून फार आवडतं.

मी सांगतेय त्याच्या आधीच्या वर्षी याच दिवसांत मुलीला डेंगू झाला. तेव्हा ती चौथीत होती. दवाखान्यात तिच्या हाताला सलाइन लावलेली आणि आम्ही सगळे प्लेटलेटच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसलेले. ती बरी झाली, पण घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो, जपा. ते ‘जपा’ माझ्या डोक्यात जाऊन बसलं. त्या वर्षी भुलाबाई आत, जाळीच्या दाराआड बसली. आमची पुढची खोली ती केवढी. दिवाण, कपाट, टीव्ही आणि त्यात पाट. बाकीच्या मुली दोन दिवस आल्या, दारातच चपला घालून उभ्या राहिल्या आणि यायच्या थांबल्या. मुलगी अशक्त, ती दिवाणावर पडून बघायची. सासूबाई खाली बसून एकट्याच गाणी म्हणायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण दार मी उघडलं नाही.

म्हणून पुढच्या वर्षी राखी झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला तेव्हा त्यांचं वाक्य तयारच होतं. “भुलाबाई आंगनात बसन. नाई त या साली बसनच नाई.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आता वय झालं, गुडघे साथ देत नाहीत, आणि घरात कोंडलेली भुलाबाई मांडण्यापेक्षा न मांडलेली बरी असं त्यांचं ठरलं होतं. एकदा मोडली की ती पुन्हा सुरू होणार नाही हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मी अट घातली. मुलीला उघड्यावर एकही मच्छर चावणार नाही असं काहीतरी मिळालं, तर अंगणात. नाही मिळालं, तर नाही. त्या म्हणाल्या, पाय मग शोधून. आणि मी शोधायला लागले.

पहिला मान घरच्या उपायाचा. सासूबाईंनी घमेल्यात गोवरी पेटवून वर कडुलिंबाचा पाला टाकला. मच्छर गेले, खोटं कशाला बोलू. पण आम्हीही गेलो. अंगणात उभं राहवेना. शेजारच्या तेलुगू वहिनी दोरीवरचे कपडे काढत खोकत होत्या आणि खोकता खोकता हसत होत्या. त्यात मागच्या दोघी बहिणींपैकी धाकटीला दमा. धूर बाद झाला. सासूबाईंना ते पटलं नाही, त्यांच्या मते आजकालच्या पोरींची फुप्फुसंच कच्ची.

मग नवऱ्याने त्याच्या पद्धतीने विचार केला. प्लांटमध्ये भट्टीजवळ माणसांना वारा लागावा म्हणून मोठाले पंखे असतात, त्यांना मॅन कूलर म्हणतात. तसलं काहीतरी हवं, मच्छर वाऱ्यात उडूच शकत नाही, असं म्हणत त्याने घरातला उभा पंखा लांब वायर जोडून अंगणात आणला. कल्पना खरंच चांगली होती. पंख्यासमोर एकही मच्छर टिकेना. पण दिवाही टिकेना. रिकाम्या पाटापुढे लावून पाहिलेली निरांजनं विझायची, फुलं उडून तेलुगू वहिनींच्या अंगणात जायची, आणि गाण्याचा शब्द तोंडातून निघाला की वाराच घेऊन जायचा. वर आकाशात ढग आणि खाली वायर. पंखाही बाद झाला आणि नवऱ्याने वायर गुंडाळून ठेवली.

मुलीला हवा होता मनगटात घालायचा पट्टा. तिच्या वर्गात सगळ्यांकडे होता, गुलाबी, त्याला फुलपाखरू. सिव्हिक सेंटरच्या बाजारात जाऊन तो आणला. पट्टा घालून ती अंगणात उभी राहिली आणि मी टॉर्च घेऊन शेजारी. थोड्या वेळात एक मच्छर आला आणि पट्ट्याच्या बरोबर वर, कोपराच्या अलीकडे, निवांत टेकला. मी मारला. मुलगी म्हणाली, “मम्मी, वो पट्टे पे तो नहीं बैठा ना.” तिच्या बापाची मुलगी.

गवती चहाच्या जातीच्या त्या सिट्रोनेलाच्या तेलाने मला जवळजवळ जिंकलं होतं. वास छान, लावल्यावर मच्छर खरंच लांब राहतात. पण थोडा वेळच. मग पुन्हा लावा, पुन्हा लावा. तेही मी केलं असतं. अडचण वेगळीच निघाली. मुलींना गोळा करून सासूबाईंनी एक दिवस सराव घेतला, डबा मध्ये ठेवला, आणि शेजारची तेलुगू मुलगी, जिचं नाक सगळ्यांत तल्लख, ती डबा हुंगून म्हणाली, निंबू. दुसरीही म्हणाली, निंबू. सगळ्या अंगणाला, टिपऱ्यांना, डब्याच्या झाकणाला लिंबाचाच वास. आत शंकरपाळे होते. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बाटली मी स्वतःच उचलून आत नेली.

म्हणजे मला हवं होतं ते असं. धूर नको, वारा नको, वास नको, मुलीच्या कातडीला बाधू नये आणि मच्छर मात्र बसू नये. हे मी औषधाच्या दुकानात म्हणून दाखवलं तेव्हा दुकानदाराने सरळ वधूवर मंडळाचा पत्ता देतो म्हटलं. मी चिडले. मी लवकर चिडते, ज्या शाळेत शिकवते तिथे माझं ते नावच आहे. त्याने मग निमूटपणे चार-पाच ट्यूब काउंटरवर मांडल्या आणि मी चष्मा लावून प्रत्येकीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत बसले. पुढे फुलं आणि हसरी बाळं छापलेली, खरं काय ते पाठीवर. एकीत नुसती सुगंधी तेलं. एकीत डीईईटी नावाचं मच्छर पळवणारं औषध, ते किती टक्के आहे तेही लिहिलेलं. ती मी घेतली आणि मुलीच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी हिच्या वयाला चालेल म्हणून सांगितलं आणि वर पथ्यं दिली. उघड्या अंगालाच लावा, कपड्याखाली नको. डोळे, तोंड, तळहात सोडून. मुलीच्या हातात ट्यूब देऊ नका, मोठ्यांनी लावावं. आणि घरात आल्यावर साबणाने धुऊन टाका.

माझा तरी विश्वास बसेना. म्हणून एका संध्याकाळी मी मागच्या नालीच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. डाव्या हाताला मलम, उजवा कोरडा. येणारे-जाणारे थांबून बघत. एका बाईने हळूच विचारलं की घरात काही झालं का, बाहेर का बसलात. मी म्हटलं, प्रयोग करतेय. ती आणखीनच काळजीत पडून गेली. अंधार पडेपर्यंत माझा उजवा हात पुरणपोळीसारखा फुगला आणि डावा जसाच्या तसा होता. मी धावत आत गेले आणि दोन्ही हात सासूबाईंपुढे धरले. त्यांनी ते उजेडात उलटसुलट करून पाहिले आणि त्या म्हणाल्या की ठीक आहे, मूर्तीसाठी निरोप धाडा. नागपूरहून येणाऱ्या एका नातलगाने भुलाबाई आणली.

पहिल्या दिवशी अंगण सारवल्यासारखं लख्ख झालं होतं. सगळ्या मुलींच्या आयांना मी आदल्या दिवशी जाऊन मलमाचं सांगून आले होते. मुलीला मी स्वतः लावलं, पाय, पोटऱ्या, हात, मान. बाहेर पाठवलं आणि खाऊ करायला आत गेले. त्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या होत्या, पाक हातचा सोडता येत नव्हता. बाहेरून टिपऱ्यांचा आवाज येत होता, सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वर्षभरानंतर मला इतकं हलकं वाटत होतं की वड्या थापताना मीही त्यांच्याबरोबर गुणगुणत होते.

खाऊ वाटून झाला, मुली पांगल्या आणि माझी मुलगी पाय खाजवत आत आली. घोट्यावर लाल गांधी. दुसऱ्या पायावरही. आधी मी दुकानदाराला शिव्या दिल्या, मग ट्यूब बनवणाऱ्यांना, मग स्वतःला. तेवढ्यात शेजारची मुलगी विसरलेल्या टिपऱ्या न्यायला आली आणि माझी बडबड ऐकून म्हणाली, “आंटी, दादी ने तो बैठने से पहले सबके हाथ-पैर धुलवाए थे.”

अंगणातल्या नळापाशी बादली होती, प्लॅस्टिकचा मग होता, आणि साबणाची वडीसुद्धा होती. देवापुढे बसायचं तर हातपाय धुऊन. सासूबाईंच्या भुलाबाईत हे कायमचं आहे, लग्न झाल्यापासून मी ते बघत आले आहे, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मलमाला वास नाही म्हणून मी खूश होते. वास नाही म्हणून त्यांनाही कळलं नाही की मुलींच्या पायाला ते आधीच लावून झालं आहे. इतके दिवस शोधून आणलेलं औषध त्यांनी एकेका मुलीला उभं करून, घासून, नालीत सोडलं होतं.

मी बोलले. जे यायचं ते तोंडाला आलं, आणि वर हेही म्हणाले की पुन्हा ताप आला तर मी काय करू ते सांगा. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पाटासकट भुलाबाई उचलली आणि आत आणून दिवाणाशेजारी ठेवली. अंगणातला दिवा त्यांनी फुंकला नाही, तेल संपून तो आपोआप गेला.

पुढचे दिवस आमचे तापाची वाट बघण्यात गेले. ताप येणार असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मुलीच्या कपाळाला हात लावायचे, शाळेत निघताना, आल्यावर, जेवताना. आणि मी वळले की सासूबाई लावायच्या. एकदा दोघींचे हात एकाच वेळी तिच्या कपाळावर आले तेव्हा ती वैतागून म्हणाली की तिच्या डोक्याला आता मच्छर परवडले. मला हसू आलं. सासूबाईंना नाही आलं. त्या संध्याकाळी त्या भुलाबाईपुढे बसल्या, गाणी म्हणाल्या नाहीत.

ताप आला नाही. मुलगी धडधाकट, भांडणारी, पोळी न खाणारी, अगदी नेहमीसारखी राहिली. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटून गेले तेव्हा मी शाळेतून येताना गुळाची ढेप आणली, कारण काहीतरी गोड करावंसं वाटत होतं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. ते मलम दाखव म्हणाल्या. मी ट्यूब दिली. त्यांनी मला पाठीवरचं सगळं वाचायला लावलं, मधेमधे थांबवून विचारलं. धुतलेल्या पायाला लावलं तर चालते का. चालते. विटाळ होते असं काही त्यात आहे का. नाही. लहान पोरींनी स्वतः लावाचं नाही, मोठ्या माणसानं लावाचं, हे खरं का. खरं.

“मंग मले सांगाचं ना,” त्या म्हणाल्या. “धुनंही मी धुतो, लावनंही मीच लावतो. दोन्हीले एकच हात पायजे.”

पाट मी उचलला. भुलाबाई मी स्वतः बाहेर नेऊन ठेवली.

तेव्हापासून आमच्याकडे असं चालतं. मुली नळावर हातपाय धुतात, पुसतात, आणि पायरीवर बसलेल्या सासूबाईंपुढे एकेक जण पाय पुढे करते. त्या बोटावर मलम घेऊन घोट्यापासून वर लावतात, मग पोटऱ्या, हात, मानेची मागची बाजू. तळहात सोडतात. कुंकू लावावं तसं मन लावून करतात आणि लावता लावता प्रत्येकीची चौकशी करतात, अभ्यास झाला का, नखं कावून वाढवली. सगळ्यांत आधी मलमाचा एक ठिपका भुलाबाईच्या मातीच्या पायाला लागतो. तिला दिल्याशिवाय मुलींना काही द्यायचं नाही हा नियम खाऊचा आहे, तो त्यांनी मलमालाही लावला. भुलोजीला का नाही असं मुलीने विचारलं, तर म्हणाल्या की तो कैलासावरचा मानूस, तिथं थंडी असते. कोणाला मच्छर चावला नाही. तेलुगू वहिनी आता स्वतःचीच ट्यूब आणून सासूबाईंच्या शेजारी ठेवतात.

त्या वर्षीचा शेवटचा दिवस, कोजागिरी. मखराला ज्वारीचे धांडे लागतात, ते इकडे धानाच्या मुलखात मिळत नाहीत, म्हणून मखर उसाचं केलं होतं. संध्याकाळ उतरत होती. मी नेहमीप्रमाणे जाळीच्या दारात उभी होते, हातात उलथनं, आतला गॅस बारीक करून. सगळ्या मुलींचं लावून झालं. सासूबाईंनी ट्यूबचं झाकण लावलं नाही. मला म्हणाल्या, ये.

मला वाटलं ट्यूब ठेवायला बोलावतात. मी हात पुढे केला. त्यांनी माझा पाय धरला. मी झटकन मागे ओढला, कारण सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो, रायपूरला नाही आणि तुमसरालाही नाही. मुली बघत होत्या. मी हळूच म्हटलं, आई, असं नका करू.

“पाय दे,” त्या म्हणाल्या. “मच्छर काय नातं पाहून चावते?”

मी दिला. त्यांचा अंगठा खरखरीत आणि गरम होता. त्यांनी माझ्या घोट्याला मलम लावलं, दुसऱ्या पायाला लावलं, आणि मान वर न करता म्हणाल्या, “सून झाल्यावर मी कधी भुलाबाईत बसली नाई. सासू बसू नाई दे. चुलीपाशीच राहावं लागे. तुले मी कधी बस म्हटलं नाई, आन् तू कधी इचारलं नाई. आता बस.”

मग त्यांनी माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या, गॅसपाशी. मुलीने सरकून मला जागा दिली. गाणी मला सगळी पाठ होती, इतकी वर्षं आतून ऐकलेली. पण पहिलं गाणं नेहमी सासूबाईच सुरू करायच्या, आणि सगळ्या मुली माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मग आतून, स्वयंपाकघरातून, त्यांचा आवाज आला, आणि मी म्हणायला लागले.